गोठ्यातला शेजारी

"इथंच बरा हाय, बाई." कितीही पाऊस असो, आमचा शेजारी आमच्या पायरीवरच उभा राहायचा. चहा तिथेच प्यायचा, कपबशी विसळून उपडी ठेवायचा आणि जायचा.

मुलांनो, तुमच्या जन्माआधीची ही गोष्ट. तो माझा जुना विद्यार्थी. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. तिथे स्फोट झाला. बरोबरचे दोघे गेले, हा हात भाजून सुटला. त्यानंतर त्याला घरात गुदमरायचं. कुकरची शिट्टी झाली की परसात पळायचा. पायरीवरचे ते चार शब्द सोडले तर बोलणं संपलं होतं. बायको ताट अंगणात नेऊन द्यायची. "काय गो, नवरा हाय की पाव्हणा?" असं पाण्यावरच्या बायका तिला चिडवत. ती हसून घ्यायची आणि माझ्या ओट्यावर येऊन रडायची.

पावसाळ्यात महाबळेश्वरला घोड्यांना काम नसतं. तिथला एक ओळखीचा घोडेवाला आपली पांढरी घोडी त्यांच्या रिकाम्या गोठ्यात ठेवून गेला. ट्रकच्या भोंग्याला बिचकून ती घाटात पडली होती. मागून कुणी आलं की लाथ झाडायची. घोडेवाल्याने याला एवढंच बजावलं, की डावीकडून, तिला दिसेल असं जायचं. आधी बोलायचं, मग हात लावायचा.

त्यामुळे त्याला बोलावंच लागलं.

"आलो गो, आलो," एवढ्यावरच पहिले आठ दिवस गेले. मग खरारा करताना गुणगुणणं ऐकू येऊ लागलं. श्रावणात एकदा गवताचा भारा द्यायला गेले, तर तो तिच्या मानेला कपाळ टेकून उभा होता. स्फोटात गेलेल्या त्या दोघांची नावं घेऊन तिला काही सांगत होता. आमच्यापाशी ती नावं त्याने कधी काढली नव्हती. मी भारा दाराशी ठेवून परतले. गणपतीत तो घरात आला आणि आरतीला शेवटपर्यंत उभा राहिला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी टाळ्या वाजवायच्या विसरलो.

ताप उतरला की औषध थांबवावं, तसं मला वाटलं. कामावर परत घेण्याचा अर्ज मीच लिहिला, चांगल्या इंग्रजीत, दोन प्रतींत. त्याच्यापुढे कागद ठेवला.

"आनि घोडी?" त्याने विचारलं.

"ती जाणारच होती रे. तिचा हंगाम आला."

"बाई, अजून थोडं दिस..."

"सही कर. तू आता बरा झालास."

आमच्याकडे शाळेतल्या बाईंना कुणी नाही म्हणत नाही. त्याने सही केली.

दसऱ्याला घोडेवाल्याने घोडीला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि आंबेनळीच्या रस्त्याने वर नेली. हा पहिल्या वळणापर्यंत सोबत गेला. त्याच आठवड्यात कामावर रुजू झाला. पहिल्याच दिवशी पाळी बदलण्याचा भोंगा झाला तसा फाटकाबाहेर पडला आणि गमबूट घालूनच महामार्गाने इथे आमच्या पोलादपूरपर्यंत चालत आला. थेट गोठ्यात शिरला. आम्ही हाका मारल्या. तो रिकाम्या खुंटाशी उभा राहून डावीकडून हात पुढे करत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा तो नव्हता.

"तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच शोधा," त्याची बायको मला म्हणाली. मी पहिली एसटी पकडून महाबळेश्वरला गेले. घोडेवाला भेटला. घोडी अजून बुजते म्हणून त्याने ती वरातीच्या घोडेवाल्याला विकून टाकली होती, देशावर कुठेतरी.

"तुमचा मानूस आला व्हता," तो म्हणाला. "गाव कंचं, म्हनून विचारत व्हता. मला तरी कुठं ठाऊक? वाईच्या रस्त्यानं गेला."

परतल्यावर ओट्यावर बसून मी त्याच्या बायकोला सगळं सांगितलं, अर्जाचंही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग म्हणाली, "जेवला व्हता का, विचारलात?"

मी विचारलं नव्हतं.