घरच्या घरी बयान

कोहक्याच्या वस्तीत वच्छलाबाईच्या आणि गिरजाबाईच्या घरात एकच भिंत, तीही एका विटेची. तिकडच्या कुकरच्या शिट्ट्या इकडे मोजाव्यात. मार्चमधल्या एका दुपारी गिरजाबाईची सून रोशनी जळून मेली. गॅस भडकला, असं सासू सांगत सुटली. गॅस कसला डोंबलाचा! वच्छलाबाईनं सगळं ऐकलं होतं. “काकू, धावा वं, हे मले मारून राहिले!” पोरगी ओरडत होती आणि ही बाई तांदळाच्या ताटापाशी थिजून बसली होती. उठलीच नाही.

तेव्हापासून तिला घास गिळेना. म्हणून पोलीस ठाण्यातून साक्षीसाठी नोटीस आली तेव्हा तिला उलट बरंच वाटलं. तिथं जाऊन सगळं ओकून टाकायचं, असं तिनं ठरवलं.

नोटीस वाचून मुलगा गौरव मात्र उखडला. “तू कावून जाशील ठाण्यात? बाई माणूस, वय पासष्ट. कानून आहे, पुलिसनं घरी येऊन विचारायचं!”

“जाऊ दे ना रे मले.”

“चूप बस. आपल्या खानदानात कोणी ठाण्याची पायरी चढलं नाही.”

ठाण्यात फोन करून त्यानं कायदा झाडला आणि दिवसभर फुशारकी मारत फिरला. आईला जायचं कशासाठी आहे, हे विचारायचं काही त्या शहाण्याला सुचलं नाही.

सोमवारी ठाण्यातून भूमिका नावाची पोलीस शिपाई आली. गुणाची पोरगी, चपला बाहेर काढून खाली बसली. “माताजी, उस दिन क्या सुना आपने?”

पलीकडे गिरजाबाईचा टीव्ही बंद झाला. भिंतीवर बांगड्या घासल्या.  वच्छलाबाईची नातवंडं रोज गिरजाबाईच्याच दारावरून शाळेत जात होती.

“झोपली होती मी. काही नाही ऐकलं.”

“पक्का?”

“हो, बाई.”

भूमिकानं लिहून घेतलं आणि ती गेली. दुसरा साक्षीदार नव्हताच.

गौरव खुशीत आला. “पाहिलं? घरच्या घरी निपटलं!”

वच्छलाबाईला हुंदका आवरेना. “झोपली नव्हती रे मी. पोरगी मले हाका मारून राहिली होती. तेव्हा उठली नाही, आज बोलली नाही. दोनदा मारलं मी तिले. चाल, मले आत्ताच्या आत्ता ठाण्यात घेऊन चाल.”

गौरवचं तोंड उतरलं.  तो उठला आणि त्यानं दाराला आतून कडी घातली.