भांडायला येणारा माणूस

फोन आला तेव्हा मी लक्ष्मीपुरीच्या बाजारात केळी निवडत होतो. रविवार होता, आणि वृद्धाश्रमात रिकाम्या हाताने जायचं नाही हा माझा नेम. पलीकडून दिनकरचा मुलगा म्हणाला, “काका, पप्पा गेले... चहा घेता घेता.” मग काय झालं मला नीट आठवत नाही. त्याच्या दारात पोहोचलो तेव्हा केळ्यांची पिशवी हातातच होती, आणि मैताच्या घरी ती ठेवायची कुठे हेही सुचत नव्हतं.

दिनकर माझा शाळेपासूनचा मित्र. मी मास्तरकी केली, त्याने उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप चालवलं. निवृत्तीनंतर मी गारगोटी रस्त्यावरच्या या वृद्धाश्रमात जाऊ लागलो; भजनं म्हणायची, फळं वाटायची, ‘कसं वाटतंय आजी?’ म्हणून हळू आवाजात विचारायचं. एकदा त्याला सोबत नेलं. तिथल्या अक्काताई गारगोटीकडच्या, जन्मभर शेतात राबलेल्या. बरेच दिवस त्या खाटेवरून उठत नव्हत्या. दिनकर त्यांच्या उशाशी बसला आणि म्हणाला, “तुमच्याकडच्या बायकांना भाकरी थापायला येत न्हाई म्हंत्यात, खरं काय?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्काताई मात्र उठून बसल्या. “कोण म्हंतंय त्ये? चल सैपाकघरात, दावते तुला,” म्हणत खरोखरच भिंतीला धरत निघाल्या, आणि चुलाण्यापुढे पाट मागवून त्यांनी भाकरी थापली. ती खाऊनही हा पठ्ठ्या म्हणाला, “कड जाड हाय की.”

परतताना मी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. तो स्कूटर चालवता चालवता म्हणाला, “मास्तर, तू बोलतोस त्यांच्याशी, तसं दवाखान्यात बोलत्यात. ह्यांच्यावर आता कोण चिडत न्हाई आन् ह्यांच्या चिडण्याला कोण भीक घालत न्हाई. मग जिता हाय हे माणसाला कळायचं कसं?” तेव्हापासून तो दर रविवारी भांडायला येऊ लागला. व्हरांड्यात बदाम सातचा डाव मांडायचा, हातात पत्ता असताना ‘पास’ म्हणायचा आणि तो मांडीखाली अशा बेताने सरकवायचा, की पेठ वडगावच्या आबांना, अधू नजरेच्या गुळाच्या त्या जुन्या व्यापाऱ्यालाही तो दिसावा. मग जो कालवा व्हायचा तो फाटकापर्यंत ऐकू यायचा. मी आत बसून केळी वाटत असे आणि मला, खरं सांगतो, त्याचा हेवा वाटे.

एकदा तिथलं एक माणूस गेलं आणि नेहमीप्रमाणे बाकीच्यांना सांगितलं, दवाखान्यात हलवलंय. दिनकर भडकला. “म्हातारी हायती, खुळी न्हाईती,” असं व्यवस्थापक बाईंना तोंडावर सुनावून त्याने वर्कशॉपचा टेम्पो आणवला आणि ज्यांना जमेल त्यांना मसणवाटेत नेलं. परतल्यावर आबा गेलेल्या माणसाच्या चहाटळ गोष्टी सांगत बसले. जेवणाच्या पंगतीत हसण्याचे आवाज होते.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही तो गेल्यानंतरच्या रविवारी, “कुठाय तुमचा तो लबाड?” असं अक्काताईंनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मुलीकडे पुण्याला आहे. बाई म्हणाल्या होत्या, सांगू नका, त्यांना झेपायचं नाही. पण बाईंचं नाव कशाला पुढे करू... मलाच त्यांचे चेहरे बघवले नसते. पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. दरम्यान त्यांनी त्याच्यासाठी शिव्या साठवायला सुरुवात केली होती. “ईऊ दे त्याला, चांगला सोलतो,” आबा म्हणायचे. मी मान डोलवायचो आणि केळं सोलून त्यांच्या हातात द्यायचो.

पेपरच्या रविवार पुरवणीसाठी दिनकरवर हा लेख लिहायचं कबूल केलं आणि मग लक्षात आलं, की आश्रमात पेपर येतो आणि अक्काताईंच्या नातीच्या वयाची तिथली नर्स तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते. म्हणजे सांगायला गेलो तोही पकडला जाईन या भीतीने. याची लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

मी व्हरांड्यात उभा राहून सांगितलं. मग आबांनी विचारलं, “रक्षाविसर्जन झालं?” मी हो म्हणालो. “उत्तरकार्यबी?” तेही झालं होतं. “टेम्पो न्हवता व्हय?” एवढंच ते म्हणाले. मी वाट पाहत होतो, की आता माझी बिनपाण्याने होईल. मनातून तेच हवं होतं. अक्काताईंनी पदराने डोळे टिपले, माझ्याकडे पाहिलं, आणि इतकी वर्षं मी लोकांशी बोलत आलो त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, “असू दे. तुमचा तरी काय इलाज. च्या घिऊन जावा, पावणं.”

चहा घेतला आणि काढता पाय घेतला. फाटकाशी चपलेचा अंगठा नीट करायला थांबलो, तोच मागे व्हरांड्यात आवाज चढले. “न सांगता गेला, लबाड कुठला,” आबा ओरडत होते. “लबाड तर लबाड, तू काय धुतल्या तांदळाचा? पत्ता काढ आधी मांडीखालनं,” अक्काताई खेकसल्या, आणि मग सगळेच एकदम बोलू लागले, रडत होते की भांडत होते ते कळेना. परत आत जावं असं फार वाटलं. पण मी गेलो असतो, तर ते सगळे पुन्हा माझ्याशी गोड बोलले असते.