केरसुणीची पूजा

बाईसाहेबांनी माझ्या आईच्या हातातली नवी केरसुणी चिमटीत धरली, तांब्यातलं पाणी तिच्यावर शिंपडलं आणि ती आत नेली. मी मागोमाग निघाले तर म्हणाल्या, "तू उंबऱ्याबाहेरच थांब. पूजा मांडलीय."

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. केरसुणी माझ्या वडिलांनी बांधलेली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. आता त्यांची बोटं वळत नाहीत. घर चालतं ते आईच्या धुण्याभांड्यांवर, याच बंगल्यातल्या.

बाईसाहेबांचं फर्दापूरला हॉटेल आहे. अजिंठा बघायला आलेलं एक वयस्क परदेशी जोडपं दिवाळी बघायला शहरातल्या बंगल्यावर आलं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. आई तिथं झाडायची, म्हणून फी माफ होती. पदवी घेऊन वर्षभर घरी बसलेली. हॉटेलच्या काउंटरवर मला घ्यायचं का, ते आज माझं इंग्रजी ऐकून ठरणार होतं.

रस्त्यात आई म्हणाली होती, "त्या म्हणतील तसं कर. लई बोलू नको."

मी मुळातच कमी बोलते. हे तिला माहीत आहे. तरी म्हणाली.

पाहुणे बूट काढून थेट चौरंगापाशी जाऊन बसले.

"सांग त्यांना," बाईसाहेब म्हणाल्या, "केरसुणी का पुजतात ते."

मी दारातून सांगितलं. घर स्वच्छ असेल तिथंच लक्ष्मी येते. केरसुणी घरातली अवदसा बाहेर काढते, म्हणून तीच लक्ष्मी. तिला पाय लावायचा नाही. बाईसाहेबांनी केरसुणीला हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकवलं. पाहुण्या बाईंनीही हात जोडले. ही बनवतं कोण, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, माझे वडील. त्या खूश झाल्या. शेजारची सतरंजी थोपटून म्हणाल्या, ये, इथं बस.

मी हलले नाही.

तू आत का येत नाहीस, त्यांनी विचारलं.

"काय म्हणतायत गं?"

"मी आत का येत नाही, विचारतायत."

बाईसाहेब हसल्या. "सांग, मी लाजाळू आहे म्हणून."

मी लाजाळू आहेच. म्हणूनच ते वाक्य मला जास्त बोचलं. माझ्यातलं खरं काढून त्यांना त्यांचं खोटं झाकायचं होतं. आणि ते मीच बोलायचं होतं.

मी इंग्रजीत म्हणाले, "आमच्या जातीला इथून पुढं येऊ देत नाहीत. केरसुणी पाणी शिंपडून आत घेतली. माझ्यावर शिंपडून भागत नाही."

'कास्ट' हा शब्द बाईसाहेबांना कळला. माझ्याकडं न बघता त्यांनी अंगणात भांडी घासणाऱ्या आईला हाक दिली. "शांता, पोरीला घेऊन जा. उद्यापासून तूही येऊ नको."

आई धावत आली. "लेकरू हाय, बाईसाहेब. चुकलं तिचं."

"माझं चुकलं नाही," मी म्हणाले. मराठीत. आईलाही ऐकू जावं म्हणून.

रस्त्यात फटाके चालले होते. आईनं घराचं दार लोटलं. मग म्हणाली, "आता खायचं काय, ते पण सांग तुझ्या इंग्रजीत."

  आजही मला काम मिळालेलं नाही. आई नीट बोलत नाही.

पण माझा लाजाळूपणा माझा आहे. तो कुणाच्या विटाळावर पांघरायला मी देणार नाही. ज्या दारात मला थांबवतील, तिथं का थांबवलं ते मी सांगेन. माझ्याच तोंडानं. विचारणारा समजेल त्या भाषेत.