धुक्याने गिळलेलं नवागाम

श्रावणात चक्कीवरून गहू आणि हरभऱ्याच्या डाळीचं ताजं पीठ घरी आलं, की त्या वासाबरोबर मला शेजारच्या ताईंचं पातेलं आठवतं. मी भयकथा लिहितो. कल्पनेतली गावं कितीही बुडवली तरी गल्लीत कोणी घाबरत नव्हतं, म्हणून एका वर्षी मी आम्ही राहतो ते खरं नवागाम घेतलं आणि गल्लीच्या मंडळात कथा वाचून दाखवली: खाडीवरून धुकं येतं, माणसं गिळतं, आणि घरचे त्यांना विसरून जातात. पहिला बळी म्हणून ताईंचा हजीऱ्याच्या प्लांटमध्ये कामाला असलेला मुलगा मी नावानिशी घातला. सगळे हसले, ताई हसल्या नाहीत. त्याच आठवड्यात कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी ताई आपल्या घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढत होत्या. मी दारात उभा होतो. मुलाची पाळी आली आणि त्यांचा हात थांबला. "भाऊ, मना पोऱ्यानी मूठ लेऊ का नको?" प्लांटमध्ये फोन नेऊ देत नाहीत, त्यामुळे सकाळपासून त्याचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. "पातेलं झाकू नका, ताई, त्याला घेऊन येतो," म्हणालो आणि स्कूटर काढली. शिफ्ट सुटेपर्यंत हजीऱ्याच्या गेटवर उभा राहिलो. "काका, गिळाले मीच सापडनू का?" असं म्हणत तो मागे बसला. ताईंनी त्याला समोर उभं करूनच गहू काढले. मी अजूनही गावं बुडवतो, पण मनातलीच. आणि दरवर्षी ताईंचं पातेलं भरेपर्यंत त्यांच्या दारातून हलत नाही. यंदा त्यात नातवाची पहिली मूठ पडली.