कित्याकताई आणि बुधवारची अंगारकी

कित्याकताईंना ‘कसं?’ हा प्रश्न कधी पडला नाही. कसं करायचं ते त्यांना येत होतं. त्या विचारायच्या ‘कित्याक?’, म्हणजे मालवणीत ‘कशाला?’. एरवी त्या आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलत, पण शंका आली की जीभ लालबागच्या घरी जायची. ऑफिसात नवा एसी आला, कित्याक? दाराशी अंगठा लावायचं यंत्र बसलं, कित्याक? त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि ते तिथेच राहिलं.

आमचं ऑफिस गिरगावात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. तिथे पंचांग तयार होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरांना आणि मोबाइलमधल्या ॲपांना तिथी, चंद्रोदय, सणवार लागतात, ते आम्ही पुरवतो. हे सगळं गणित लिस्प नावाच्या जुन्या संगणकभाषेत लिहिलेलं आहे. ती भाषा निवडणारे गृहस्थ कधीच परदेशी गेले. भाषा राहिली, कारण चालत्या पंचांगाला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

लिस्पमध्ये एखादं काम वेगळं काढून ठेवायचे दोन मार्ग आहेत, फंक्शन आणि मॅक्रो. नव्या माणसाला फरक समजावताना आम्ही फळ्यावर बाण काढायचो. ताईंना फळा लागत नसे. “फंक्शनला मसाला कांडून द्यायचा. ते पुढचं करतं. मॅक्रोला मसाला देत नाहीत, ‘मसाला कांडून आण’ अशी चिठ्ठी देतात. ते ती चिठ्ठी हवी तिथे डकवतं. दोन जागी डकवली, तर डंकावर दोन फेऱ्या.” पुढे न चुकता येणारं वाक्य: “फंक्शननं होतंय ना? मग मॅक्रो कित्याक?”

तरुण मंडळींना मॅक्रोचा मोह पडतोच. मॅक्रो लिहिला की आपण भाषेतच भर घालतोय असं वाटतं, आणि भाषेत भर घालायची संधी मराठी माणूस सहसा सोडत नाही. मीही एकदा वाद घातला होता. म्हटलं, “ताई, चंद्रोदयाचं गणित जड आहे. चतुर्थी असेल तरच करायचं. फंक्शनला दिलं तर ते आधीच होऊन बसेल. इथे चिठ्ठीच हवी.”

“पिशवीत बांधून दे. लागलं तर उघडेल.”

पिशवी म्हणजे आणखी एक फंक्शन. ताईंच्या हट्टापायी आमच्या प्रोग्राममध्ये इतक्या पिशव्या झाल्या की भायखळ्याचा भाजीबाजार परवडला. साधेपणाचाही एक थाट असतो, आणि ताईंचा थाट कडक इस्त्रीचा होता.

एका गोष्टीला मात्र त्यांनी कधी ‘कित्याक’ लावला नाही, ती म्हणजे संकष्टी. दर महिन्याला कडक उपास, रात्री चंद्र पाहून जेवण. तो चंद्र केव्हा उगवणार हे त्यांनीच काढलेलं असायचं. मी विचारलं, “उपास कित्याक, ताई?”

“आई करायची.”

“म्हणजे कारण नाही?”

“गप रव. भूक लागलीय.”

आमचे मालक नाना. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते लिस्प शिकले आणि थेट मॅक्रोपाशी पोचले. सगळ्या उपासांच्या नियमांचा त्यांनी एक मॅक्रो केला, नाव ‘व्रतनिर्णय’. वाचायला खरोखर भारदस्त होता. ‘पंचांगाला स्वतःची भाषा दिल्याबद्दल’ नानांचा दादरच्या एका सभागृहात सत्कार ठरला. सत्कार करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष नानाच होते. पत्रिका वाटून झाल्या.

त्याच आठवड्यात नव्या वर्षाची छपाईपूर्व प्रत आली आणि ताई ती घेऊन नानांच्या टेबलाशी गेल्या. “नाना, सगळ्या संकष्ट्या एक दिवस पुढे गेल्यात.”

“पंचांगभेद असतो,” नाना शांतपणे म्हणाले.

“अंगारकी बुधवारी पडलीय.”

नानांनी चष्मा लावला. मंगळवारी येते म्हणूनच तिला अंगारकी म्हणतात, हे नाकारण्याइतका पंचांगभेद त्यांच्याजवळही नव्हता. झालं होतं ते असं: ‘पुढचा दिवस घे’ ही चिठ्ठी व्रतनिर्णयानं दोन जागी डकवली होती. चतुर्थी तपासताना एक दिवस पुढे, आणि तारीख लिहिताना आणखी एक. नानांनी चाचणीत नेहमी ठरलेली तारीख दिली होती. ती दोनदा डकवून काही बिघडत नाही, म्हणून कोणाला कळलं नाही.

“हा काढते,” ताई म्हणाल्या. “फंक्शन लिहिते.”

“व्रतनिर्णय जाणार नाही!” नानांचा आवाज चढला. “पत्रिकेवर नाव आहे त्याचं. चूक दुरुस्त करा. पटत नसेल त्यांना दार मोकळं आहे.”

आम्ही सगळे आपापल्या पडद्यात डोकं घालून बसलो. ताईंची निम्मी हयात त्या ऑफिसात गेली होती, आणि याहून किरकोळ मॅक्रोंसाठी त्या राजीनाम्यापर्यंत गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी छपाई होती. तोवर एक तर व्रतनिर्णय जाणार होता किंवा ताई.

दुपारी त्यांनी मला तपासायला बोलावलं. अंगारकी मंगळवारी परत आली होती. पण व्रतनिर्णयही जागेवर होता, नानांच्या सगळ्या भारदस्त शब्दांसकट. फक्त आत काही नव्हतं. चिठ्ठी एकदाच वाचायची आणि निघालेला दिवस मागच्या एका साध्या फंक्शनच्या हाती द्यायचा, एवढी एकच ओळ. सगळा स्वयंपाक त्या फंक्शनमध्ये होता.

मी म्हटलं, “ताई, मग हा मॅक्रो उरलाच कशाला? थेट फंक्शन बोलावलं तरी चालतंय की. कित्याक?”

मॅक्रोवरून त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारायची ही पहिलीच वेळ असावी. त्या नानांच्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, “नानांक होया म्हणान.” नानांना हवा आहे म्हणून.

फंक्शननं जे होत नाही तेवढ्यासाठीच मॅक्रो, हा त्यांचा नियम त्यांनी अखेर पाळला होता. अंगारकी फंक्शननं झाली असती. नानांची शाल झाली नसती.

सत्कारात नानांनी व्रतनिर्णय चालीवर वाचून दाखवला. टाळ्या झाल्या. शेवटच्या रांगेत ताई बटाटेवडा खात होत्या. टाळ्यांसाठी त्यांनी वडा खाली ठेवला, हे मी पाहिलं.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि कुडाळजवळ गावी गेल्या. निरोपाच्या वेळी नाना शाल घेऊन उठले, तेव्हा ‘कित्याक?’ ताईंच्या ओठांवर आलेला सगळ्यांना दिसला. त्यांनी तो गिळला आणि शाल घेतली. जाण्याआधी टेबल आवरताना त्यांनी मला शेवटचा धडा दिला: “फंक्शन काढून टाकलं की त्याला बोलावणारे सगळे अडतात रे. मॅक्रो काढला तर तयार प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. चिठ्ठ्या आधीच डकवून झालेल्या असतात.”

परवा ऑफिसातल्या नव्या मुलीनं मोठ्या हौसेनं मला तिचा मॅक्रो दाखवला. मी वाचत होतो आणि तोंडातून गेलं, “कित्याक?”

ती हसली. “सर, तुम्ही मालवणी?”

“नाही. दादरचा.”

“मग असं का म्हणता?”

 

“ताई म्हणायच्या,” मी म्हणालो.