पासपोर्टला लावलेलं कुंकू

मंगला, जरा जवळ ये बाई. कागदावरच सांगते आहे, पण तू माझ्या शेजारी चटईवर बसली आहेस असं समजून ऐक. आणि आधी माझी बोलणी खाऊन घे. परवा फोनवर तू काय म्हणालीस? पोरीनं बाहेरदेशी जायचं ठरवलं की घरात काहीतरी अडतं, कधी कागद मिळत नाही, कधी कोणी आजारी पडतं, म्हणजे देवाच्याच मनात नाही. असं म्हणून तू तुझ्या लेकीचा अर्ज कपाटात ठेवून दिलास. मावशी आहे मी तुझी, म्हणून स्पष्ट सांगते, देवाच्या मनातलं इतक्या लवकर ओळखू नये. मी ओळखायला गेले होते. कशी तोंडावर पडले ते आजवर आपल्या नात्यात कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते.

माझी नात प्राची तुला ठाऊकच आहे. यवतमाळला कॉलेजात शेतीचं शिकते, रोज आमच्या बोरीहून जाऊन-येऊन. दोन वर्षं मोबाईलवर बघून बघून जपानी भाषा शिकली. मला वाटायचं पोरगी एकटीच काय पुटपुटते, तर ती जपानी आकडे म्हणत असायची. तिच्या कॉलेजातून पाच जणांची निवड झाली, उन्हाळ्यात चार आठवडे जपानला जायचं, तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी राहायचं, त्यांची फळबाग बघायची. आपल्या घरातून विमानात बसणारी ही पहिलीच. तिनं कपाटाच्या दारावर यादी चिकटवली. बॅगेत काय, औषधं कोणती, कुठल्या दिवशी कोणता कागद. मी त्यात माझंही घुसवलं, जवसाची चटणी, भाजणी आणि त्या शेतकरीणबाईसाठी कुरडया. प्राची म्हणाली, आजी, बॅगेचं वजन ठरलेलं असते. मी म्हटलं, कुरडईले कायचं वजन वं?

माझा मुलगा विलास, म्हणजे प्राचीचा बाप, यादीकडे बघायचाच नाही. पोरीला नाही म्हणायचं धैर्य नव्हतं आणि हो म्हणायला जीभ वळत नव्हती. सोयाबीनच्या गोष्टी काढायचा नि उठून जायचा. मी मात्र सगळ्यांसमोर प्राचीच्या बाजूची. आतलं खरं सांगू का? आत मला भीती वाटत होती. घर कसं सुनं लागेल, तिथे भूकंप होतात म्हणतात, पोर रानात हरवली तर कुणाला विचारेल. रात्री जप करताना माळ बोटात आणि मन जपानात, असं चालायचं.

पाडव्याच्या तीन दिवस आधी पासपोर्ट आला. आपल्यात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू वाहिल्याशिवाय वापरत नाहीत. नवा ट्रॅक्टर, नवी शिलाई मशीन, पोरांची नवी पुस्तकं, सगळ्यांना मी बोट लावलेलं आहे. पाडव्याला गुढी उभारली, पूजा झाली, घरातले सगळे शेतात गेले, आणि मी पासपोर्ट पाटावर ठेवला. वर नुसत्या अक्षता टाकल्या असत्या तर काही झालं नसतं. पण मला वाटलं, वर कशाला, आत नाव आहे तिथे लावू. पान उघडलं. कुंकू पाण्यात कालवून चांगलं ओलं केलं होतं. प्राचीचा फोटो इतका गोड आला होता की बोट आपसूक त्या फोटोच्या कपाळाकडे गेलं. आणि अगदी टेकणार तोच मनात चर्र झालं. फोटोच्या कपाळी आपण कुंकू लावतो ते देवाच्या, नाहीतर गेलेल्या माणसाच्या. जित्या पोरीच्या फोटोला कसं लावू? मी हात झटकन मागे घेतला. त्या झटक्यात बोटावरचं ओलं कुंकू पानाच्या खालच्या कडेवर सांडलं, आणि हात लागून हळदीची वाटीही कलंडली.

मग मी घाबरले. ओल्या फडक्यानं पुसलं, तर ते आणखी पसरलं. जोरात घासलं, तर वरच्या प्लास्टिकचा पापुद्रा कोपऱ्यातून उचलला गेला आणि लाल पाणी त्याच्या आत शिरलं. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्या शेजारी पासपोर्ट उघडून ठेवला, म्हटलं उन्हानं ठीक होईल. आपलं चैत्रातलं ऊन तुला माहीत आहे. दोन तासांनी बघते तर कुरडया छान वाळलेल्या, आणि ते पान सुकल्या पळसाच्या पानासारखं वळलेलं.

मी तो देवघरात पोथीखाली सारून ठेवला. प्राचीनं विचारलं तर म्हटलं, देवापाशी आहे, राहू दे. तिला बरंच वाटलं. कॉलेजात सगळ्यांचे पासपोर्ट महिनाअखेरीस जमा करायचे होते. दोन आठवडे गेले, तिनं पुन्हा मागितला. मी म्हटलं, संकष्टीपर्यंत देवापुढून उचलू नये. मंगला, आयुष्यात बारीकसारीक खोटं मीही बोलले असेन, पण देवाच्या नावावर बोललेलं हे पहिलंच. त्या दिवसापासून दिवा लावताना मला देवाकडे बघवेना. कधी वाटायचं, देवाच्याच मनात नसेल तिचं जाणं. आणि एक त्याहूनही वाईट विचार मनात येऊन बसला. पोरीनं जाऊ नये असं मलाच आतून वाटत होतं, म्हणून तर माझ्या हातून हे झालं नाही ना?

संकष्टीला मी एकटीच कळंबला गेले. बोरीहून यवतमाळ आणि तिथून कळंब. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या खाली उतरून जावं लागतं, नि माझे गुडघे असे. अर्ध्यात पोहोचले आणि खाली जाववेना, वर यायचंही धैर्य होईना. देवाला काय मागू? पासपोर्ट चांगला कर म्हणू? कशीबशी दर्शन घेऊन वर आले आणि बाहेर दुर्वा विकणारी एक बाई बसली होती, तिच्या टोपलीशेजारी टेकले. माझे डोळे वाहत होते. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला नि विचारलं, काय झालं माय. मी त्या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं. घरच्यांना जे सांगता आलं नाही ते तिला सांगितलं. ती दुर्वांच्या जुड्या बांधतच होती. माझं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं,

"मंग पोरीले सांगतलं?"

"नाई."

"मंग इथं काहून आली? देवाले तं ठावकंच हाय. ज्याले ठावूक नाई, त्याले जाऊन सांग."

मग माझ्या हातात दुर्वांची एक जुडी ठेवली आणि म्हणाली, दोनची गाडी लागली असन, ऊठ. मी उठले. खरंच गाडी लागलेली होती, आणि खिडकीजवळची जागाही मिळाली. अख्ख्या प्रवासात मी काही मागितलं नाही. नुसतं म्हणत होते, देवा, आता जे होईल ते होऊ दे, माझ्यानं लपवणं होत नाही.

घरी आले तेव्हा सगळे अंगणात चहा घेत होते. मी पाय न धुता देवघरात गेले, पासपोर्ट आणला आणि प्राचीच्या मांडीवर ठेवला. जे जसं झालं तसं सांगितलं, दोन आठवडे खोटं बोलले तेही. तिनं पान उघडून बघितलं. वळलेलं पान तळहातानं सपाट करत राहिली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. बोलला तो विलास, आणि त्याच्या आवाजात मला सुटल्यासारखं काही ऐकू आलं.

"पाह्य पोरी, पाडव्याच्या दिवशी, पूजा करतानी झालं हे. देवालेच मंजूर नाई. जाऊ दे आता."

तोच विचार मी इतके दिवस मनात सांभाळला होता. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकला तेव्हा तो किती सोयीचा आहे हे मला दिसलं. मी म्हटलं,

"विलास, कुंकू देवानं नाई सांडलं, म्या सांडलं. मले भेव वाटत होतं, तुले बी वाटून राह्यलं. आपलं भेव देवाच्या नावावर नको टाकू."

त्यानं कप खाली ठेवला. मग प्राचीला म्हणाला, उद्या सकाळी निघू, गाडीत तेल टाकून ठेवतो.

यवतमाळच्या पासपोर्टच्या कार्यालयात आम्ही तिघं गेलो. मीच हट्टानं गेले, चूक माझी म्हणून. टेबलामागे एक तरुण मॅडम होत्या. प्राचीनं पासपोर्ट पुढे केला, त्यांनी तो उजेडात धरला, उलटसुलट केला, पान बोटानं चाचपलं. त्यांनी विचारलं, हे झालं कसं? प्राची माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, पूजा केली बाई म्या. त्यांनी चष्मा काढला आणि हसल्या.

"माह्या मायनं तं नव्या लॅपटॉपवर नारळ फोडाले घेतला होता, आजी. वेळेवर पोहोचली मी."

मग त्यांनी समजावलं. खराब झालेल्या पासपोर्टवरचा नंबर, नाव आणि फोटो शाबूत असले तर त्याच्या बदली नवा लवकर देता येतो. फोटो गेला असता तर चौकशीला वेळ लागला असता, या महिन्यात काही जमलं नसतं. आणि आणखी आठ दिवस घरी ठेवला असता तरी जमलं नसतं. मी वाकून त्या पानाकडे बघितलं. खालची कड लाल-पिवळी झालेली, कोपरा उचललेला, आणि मधोमध माझ्या नातीचा चेहरा. त्यावर कुंकवाचा एक कण नाही.

मंगला, त्या दिवशी माझं बोट कोणी मागे ओढलं, मला सांगता येत नाही. जुना समज म्हण, म्हाताऱ्या बाईचं घाबरणं म्हण. ज्या झटक्यानं कुंकू सांडलं त्याच झटक्यानं फोटो वाचला, एवढंच मला ठाऊक आहे. मी इतके दिवस सांडलेल्याकडेच बघत बसले होते.

पुढे पुन्हा एकदा कळंबला गेले, त्या दुर्वावालीला भेटायला. ती तिथेच होती, तीच टोपली, तोच तांब्या. मी तिचे हात धरले, तर तिनं मला ओळखलंच नाही. कोण माय, रोज किती जणी येतात म्हणाली. मी दोन जुड्या घेतल्या नि खाली उतरले. त्या वेळी गुडघ्यांनी त्रास दिला, पण पायऱ्या लांब वाटल्या नाहीत. देवापुढे उभी राहिले तेव्हा मागायला काही सुचेना. हात जोडले, बस. आता तसंच करते. आपल्याकडून होईल ते करायचं, चुकलं तर ज्याच्याशी चुकलं त्याला सांगायचं, आणि उरलेलं देवाच्या पायापाशी ठेवून घरी यायचं.

नवा पासपोर्ट आला त्या दिवशी प्राचीनं तो पाटावर ठेवला. मी लांबूनच अक्षता टाकल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. सगळे हसायला लागले. मग प्राची माझ्यासमोर येऊन बसली, तिनं केस मागे सारले आणि कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला.

"आजी, इथं लाव. मी जित्ती हाओ."

मी बोट टेकवलं, आणि या वेळी कुंकू कुठे सांडलं नाही.

आता तिचं निघायचं जवळ आलं आहे. यादीतल्या पुष्कळ गोष्टींवर खुणा झाल्या, विलासनं तर बॅग तोलायला काटाच आणला आहे, आणि कुरडयांना त्यानं जागा करून दिली. तर मंगला, तो कपाटातला अर्ज काढ, लेकीला सोबत घे आणि ये. प्राची तिला सगळे कागद समजावून सांगेल. फोनवर नको, प्रत्यक्ष ये, दोन दिवस राहा. प्राची निघायच्या आत ये, म्हणजे दोघी पोरींच्या कपाळी एकदमच लावीन.