दारूनं ओढलेली विडी

माझ्या नाकाचं कौतुक करून करून लोकांनी मला बिघडवलं. निपाणीत तंबाखूच्या दलालीत माझं आयुष्य गेलं. वखारीत शिरलं की चिमूटभर तंबाखू तळहातावर चोळायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि मग भाव सांगायचा. डोळे मिटायची खरं तर काही गरज नसायची. पण उघड्या डोळ्यांनी सांगितलेल्या भावाला ना शेतकरी मान देतो ना व्यापारी, हे मला लवकर कळलं होतं. पुढं धंदा आवरला, बेळगावला वडगावात घर बांधून राहिलो, तरी ही खोड काही गेली नाही. दुधाचा वास घेऊन ते कुठल्या म्हशीचं असावं इथपर्यंत मी मत देत असे. बायको म्हणायची, "म्हशीला इच्यारून येऊ काय?"

अशा माणसाला छातीत कळ आली आणि स्टेंट बसला. डॉक्टरांनी विडी कायमची बंद केली. दारूचं विचारल्यावर ते जरा पंख्याकडं बघत "कधीतरी, थोडी" असं काहीतरी पुटपुटले. ते पुटपुटणं मात्र मला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

दवाखान्यात बायकोनं आरडाओरडा केला नाही, शपथाही घातल्या नाहीत. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून एवढंच म्हणाली, "परत कधी वडलीसा तर तुमच्या तोंडानं सांगा. मला वासावरनं कळाय नको." मी मान डोलावली. आणि खरंच, त्यानंतर एकही विडी ओढली नाही.

ओढली नाही ती नाहीच, पण त्याचा डांगोरा इतका पिटला की विचारू नका. विडी सोडणं म्हणजे काय मोठं? मनावर घेतलं, विषय संपला, आता तर आठवणसुद्धा होत नाही, असं मी येईल त्याला ऐकवत असे. आमच्या गल्लीतला एक यंत्रमाग चालवणारा विडी पेटवायला बाहेर आला आणि मी दिसलो, की बिचारा तसाच आत जाऊन मागाच्या खडखडाटात तोंड लपवायचा.

माझा एक शाळेपासूनचा मित्र आहे. खडेबाजारात त्याचं कापडदुकान, घर खासबागेत. त्याच्याकडं नवी बाटली आली की निवाडा करायला मला बोलावणं येतं. मी डोळे मिटून वास घेतो, घोट घेतो आणि दहापैकी मार्क देतो. चाराच्या वर मी सहसा जात नाही. मार्क देण्यातली कंजुषी हीच तर माझी पत होती.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याचा मुलगा परदेशातून आला तो एक स्कॉच घेऊन. सिंगल माल्ट, आणि तीही पीटच्या धुरातली. एका रविवारी दुपारी मित्रानं गच्चीवर खुर्च्या टाकल्या, शेंगदाणे ठेवले आणि मला बोलावलं. बाटलीचं बूच काढलं आणि त्यानं नाक मुरडलं.

"ड्युप्लिकेट हाय रं ही. पोराला कुणीतरी गंडवलंय. टिंचर घातलंय ह्यात."

मी त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. मोबाईलवर एक व्हिडिओ आदल्या दिवशीच बघून मी सगळं पाठ करून आलो होतो. तिकडं दलदलीत वर्षानुवर्षं कुजलेल्या झाडाझुडपांची काळी ढेकळं, म्हणजे पीट, खणून वाळवतात, ती जाळतात आणि त्या धुरावर सातू सुकवतात, म्हणून दारूला धुराचा वास येतो, असं मी त्याला समजावलं. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि ग्लासात सोडा ओतला. मी ओरडलो. सोडा घालतात होय ह्यात? दोन थेंब पाणी, बस्स!

मग मी माझा ग्लास उचलला. आधी लांबून वास, मग जवळून, मग तोंड किंचित उघडं ठेवून. त्या वेळी मी बावळट दिसत असणार. मित्राचा मुलगा जिन्याकडं तोंड करून हसत होता. पहिल्यांदा दवाखान्याचा वास आला, त्याच्यामागून ओल्या डांबराचा. आणि मग हुरड्याची आगटी विझत आली की येतो तो, गोड आणि राखेचा. घोट घेतला तसा धूर घशाखाली उतरला आणि नाकातून वर आला. मी डोळे मिटले. या खेपेला ते मुद्दाम मिटावे लागले नाहीत, आपोआप मिटले.

"नऊ," मी म्हणालो.

मित्राच्या हातातून शेंगदाणे सांडले. "नऊ? तुझ्या लेकीला बारावीला मार्क पडलं तवाबी तू म्हणालतास, 'ठीक हाय.'"

मी त्याला त्या दारूची खोली समजावून सांगितली. सागर, शेवाळ, वणवा असले शब्द वापरले. वणवा मी फक्त लांबून बघितलेला आहे आणि शेवाळ आमच्या टाकीतलं. तो सोडा घातलेला ग्लास लांब धरून म्हणाला, "मला तर आयोडीन प्यालागत वाटतंय." मी आणखी एक घोट घेतला. मग आणखी थोडा. ग्लास रिकामा झाल्यावरही मी तो बराच वेळ नाकाशी धरून बसलो होतो.

दिवेलागणीच्या आधी रिक्षानं घरी आलो. बायकोनं दार उघडलं. मी तिच्या शेजारून आत जाताना ती थांबली. वास घेतला, परत एकदा घेतला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ती भांडली असती तर मी भांडून घेतलं असतं, पण आतून भांड्यांचासुद्धा आवाज येईना. काय झालं असेल ते मला चपला काढता काढता कळलं.

मी मागोमाग गेलो. "अगं, तुला वाटतंय तसं नाही."

ती ओट्याला टेकून उभी होती. "सांगतो म्हणालतासा."

"मी विडी ओढलेलीच नाही! तो वास दारूचा आहे. त्या दारूलाच धुराचा वास असतो."

"दारूनं विडी वडली व्हय?"

माझंच बोलणं माझ्या कानाला इतकं खोटं वाटत होतं की मी आवाज चढवला. तिकडची माती, तिकडचा सातू, त्यावरचा धूर, सगळं हातवारे करून सांगितलं. जसजसं सांगत गेलो तसतसा तिचा चेहरा उतरत गेला. पकडला गेलेला नवरा एवढी मोठी कथा रचतो म्हणजे सवय जुनी असणार, असंच तिला वाटलं असावं. ती म्हणाली, "वडलीसा त्याचं एक येळ चालंल. खोटं कशाला?" आणि फोन उचलून पुण्याला लेकीला लावायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला शंभर टक्के खरं सांगत होतो आणि नेमकं तेव्हाच ती मला खोटारडा ठरवत होती. मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. एकदा हिचा विश्वास उडाला की मी कितीही विड्या न ओढून उपयोग नव्हता.

"लेकीला नंतर कर," मी म्हणालो, "आधी पुरावा बघ." आणि मित्राला फोन करून बाटली घेऊन बोलावलं.

तो बिचारा स्कूटरवर पुढं पिशवीत बाटली ठेवून आला. सोफ्याच्या कडेला बसून राहिला. मी स्टीलच्या वाटीत थोडी ओतली आणि बायकोपुढं धरली. जन्मात दारूला हात न लावलेली बाई. तिनं पदर नाकापासून बाजूला केला, वाटीवर वाकली आणि वास घेतला.

"व्हय की," ती म्हणाली. "धूरच हाय ह्यात."

मी कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. त्या क्षणी माझ्याकडं बघून कुणाला वाटलं असतं, मी कोर्टात जिंकलो. दोन-चार शब्द सुनवायचे म्हणून मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात तिनं मित्राला विचारलं, "भावजी, तुमाला कशी वाटली ही?"

"खरं सांगू वैनी? दवाखान्यातली फरशी चाटल्यागत."

"आन् ह्यांना?"

"त्यानं नऊ दिल्यात. आजवर चाराच्या वर गेला न्हाय गडी."

तिनं वाटी पुन्हा नाकाशी नेली. बराच वेळ धरली. मग खाली ठेवली आणि मित्रालाच म्हणाली, "ह्यांनी दारूला मार्क दिल्यात व्हय? विडीला दिल्यात."

सागर, शेवाळ, वणवा हे सगळे शब्द माझ्या डोक्यातून एकेक करून उठून गेले. आपल्याला काय आवडलं होतं हे मला त्या मिनिटाला कळलं आणि कंबरेवरचे हात काढून मी खाली बसलो. एवढं मोठं नावाजलेलं नाक, आणि ते दुपारभर स्कॉचमध्ये दोन पैशांची विडी हुंगत बसलं होतं.

"अजून आठवण येत्या?" तिनं मला विचारलं.

खोटं बोलायची सोय उरली नव्हती. "येते," मी म्हणालो. "रोज येते. चहा झाला की फार."

"मग आठवतसुदीक न्हाय म्हणून गावभर का सांगत फिरतायसा?"

"तू घाबरशील म्हणून."

"मी काय आज घाबरत न्हाय?" ती म्हणाली. "तुम्ही भायेरनं आलासा की रोज वास घेत्ये. झोपलासा की शर्टाचं खिसं तपासत्ये. लाज वाटत्या मला, पर तपासत्ये." दवाखान्यात एकदाही न रडलेली बाई डोळ्याला पदर लावून रडायला लागली. माझा मित्र बाटली काखेत मारून चपला शोधत होता. मी रडलो की नाही ते त्याला विचारा. तो सांगेल, आणि मी नाही म्हणणार नाही.

तो गेल्यावर तिनं तोंड धुतलं आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

"चहा नको," मी म्हणालो. "आत्ताच सांगितलं ना, चहानंतरच ती..."

"ठाव हाय," ती म्हणाली. तिनं दोन कप भरले, एक माझ्यापुढं सारला आणि स्वतःचा घेऊन, एरवी कधी बसत नाही अशी, माझ्या शेजारी बसली. "प्या. येऊ दे ती आठवण. आज मी बसल्ये संगट."